चार बोटं प्ले

कागलच्या माळावर, फौंड्रीच्या शेडांमागं
दीड किलोमीटरचा सरळ काळा पट्टा,
मग एक वळण,
लांबून दिसतं त्याहून जास्त आवळलेलं.

मगदूम सर म्हणाले, "स्टेअरिंग धरू नका, हात ठेवा.
तव्यावरची भाकरी पालटताना
जेवढी बोटं टेकतात, तेवढीच."
सहा जणांत भाकरी येणारी मी एकटी. पाच पोरं हसली.
सरांनी त्यांना दोन दिवस कँटीनमध्ये
रुक्साना मावशींच्या हाताखाली धाडलं. खरंच.

मग शब्द शिकलो.
जड वेगळं, चिकट वेगळं.
मध्यावर पोकळ म्हणजे काय.
वळण संपलं की स्टेअरिंग सरळ घरी येतं,
की दारात घुटमळतं,
की पळत येऊन उंबरा ओलांडून पलीकडं पडतं.
गुण दहापैकी. सहा म्हणजे बरं.
चार म्हणजे कुणीतरी मरेल,
आज नव्हे, पण मरेल.

तिसऱ्या आठवड्यात पांढरी पिकअप.
ऐंशी. शंभर. दूधगंगेकडनं आडवा वारा.
मी लिहिलं, सात.
इतरांनी चार, चार, पाच, चार,
आणि जोतगोंडानं तीन.
त्याला आम्ही घाबरट म्हणायचो.

सर काही बोलले नाहीत.
वाकून स्टेअरिंगच्या मागनं एक कागद सोडवला.
कडेला पेन्सिल बांधली होती, मला कळलंच नव्हतं.
जिथं मी हात हलवला नाही
(देवळात शपथ घेतली असती)
तिथं शिशाच्या रेघांचं दाट झुडूप.
डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं,
दीड किलोमीटर.

"झिजलेला टाय रॉड एंड मीच बसवलाय काल.
गाडी भरकटत होती, तू सांभाळून घेतलीस.
आधी काय चालवायचीस?"
"ट्रॅक्टर. बाबांचा. ऊस, दोन ट्रॉल्या."
"प्ले किती?"
"चार बोटं."

"मग तो अजून तुझ्या मनगटात हाय.
चांगला ड्रायव्हर गाडीचं पाप झाकतो, पोरी.
ही गाडी कोण घेणार?
पहाटे तीनला निपाणीस्नं कोबी आणणारा,
शेजारी बायको, तिच्या मांडीवर पोर.
त्याला तुझे हात कुठनं द्यायचे?
त्याच्यासाठी अडाणी हो."

अडाणी व्हायला दोन महिने लागले.
हात आपसूक सरसावायचे. मी म्हणायचे, थांबा,
जाऊ दे तिला कुठं जायचंय तिकडं.
आणि ती जायची, अगदी शांतपणे,
पांढऱ्या रेघेवर, मग रेघेपलीकडं,
आणि पोटात गोळा यायचा,
आणि मी तो गोळा आकड्यात लिहायचे.

रविवारी सांगावला ट्रॅक्टरवर बसले.
गावंदरीतनं ओढ्याच्या पुलापर्यंत.
स्टेअरिंग फिरवलं. काही नाही.
अजून फिरवलं. काही नाही.
मग आठवण झाल्यासारखी चाकं एकदम वळली.
पुलाला कठडा नाही.
अकरा हंगाम मी यावरनं ऊस नेला
आणि कधी भ्याले नाही.
उतरताना पाय लटपटत होते.

बाबा धारेला निघालेले, हातात चरवी.
"काय झालं गं?"
"याला प्ले हाय."
"असंल की. पहिल्यापासनं हाय."
चार पावलं गेले, थांबले.
"तू तर नीट चालवायचीस."

चावी मी खिशात टाकली
आणि सतराचा पाना शोधायला शेडमध्ये गेले.